छाती भरायची, खांदा सांभाळायचा

पोलिस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराच्या छातीभोवती टेप दोनदा धरला जातो. साध्या श्वासात माप किमान ७९ सेंटीमीटर भरावे लागते आणि छाती फुगवल्यावर त्यात किमान ५ सेंटीमीटरची वाढ दिसावी लागते. मराठवाड्यातल्या गावागावांत भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना हे दोन आकडे पाठ असतात. गोदाकाठच्या शहागडात, अंबडात किंवा पलीकडे गेवराईत नव्याने जिममध्ये नाव घालणाऱ्या पोराची पहिली मागणीही बहुतेक वेळा हीच असते, ‘चेस्ट वाढवायचीय.’ मग पहिल्याच आठवड्यात तो बेंचवर आडवा होतो, शेजारच्याने लावलेले वजन तसेच ठेवतो आणि महिनाभरात खांदा धरून बसतो. छाती जिथल्या तिथेच असते.

हे टाळता येते आणि त्यासाठी शहरातल्या महागड्या यंत्रांची गरज नाही. एक बेंच, एक बार, डंबेलची एक जोडी आणि पायाखालची जमीन एवढ्यावर छातीचा उत्तम व्यायाम होतो. अट एकच आहे, उचललेल्या वजनाचे काम छातीने केले पाहिजे.

आधी टेपच्या त्या दोन आकड्यांमधला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यात अनेकांची गफलत होते. बेंच प्रेसने छातीचे स्नायू जाड होतात, पाठीच्या व्यायामाने पाठ रुंदावते, आणि त्यामुळे न फुगवलेले माप वाढते. फुगवल्यावर मिळणारे ५ सेंटीमीटर मात्र बरगड्यांच्या हालचालीतून येतात. श्वासपटल, बरगड्यांमधले छोटे स्नायू आणि पाठीच्या वरच्या भागाची लवचीकता यांच्यावर ते अवलंबून असतात. म्हणून नुसते वजन मारून छाती फुगवता येत नाही. त्यासाठी रोज पाच-दहा मिनिटे सावकाश, खोल श्वास घ्यावा लागतो. बरगड्या पुढे आणि दोन्ही बाजूंना उघडाव्या लागतात आणि खांदे वर न उचलता श्वास क्षणभर रोखावा लागतो. पाठीखाली गुंडाळलेली चादर आडवी ठेवून, हात डोक्यामागे नेऊन पडून राहिल्यानेही पाठीचा आखडलेला वरचा भाग मोकळा होतो. मापाच्या वेळी खांदे कानापर्यंत नेणाऱ्याचा टेप फारसा हलत नाही.

आता स्नायूकडे. छातीचा मोठा स्नायू पंख्यासारखा पसरलेला असतो. त्याचा वरचा भाग कॉलरबोनपासून निघतो, मोठा भाग छातीच्या मधल्या हाडापासून आणि बरगड्यांच्या कूर्चांपासून निघतो, आणि सगळे तंतू एकत्र येऊन दंडाच्या हाडाला वरच्या बाजूस चिकटतात. म्हणजे त्याचे मुख्य काम दंडाला शरीराच्या मध्याकडे ओढून आणणे हे आहे. वजन वर ढकलताना कोपर सरळ करण्याचे काम ट्रायसेप करतो आणि खांद्याचा पुढचा स्नायू मदतीला येतो. हे तिघे नेहमी एकत्रच काम करतात. बेंच प्रेस करून दंडाची मागची बाजू आणि खांदे भरून येतात, पण छातीला काहीच जाणवत नाही, अशी तक्रार ज्याची असते त्याच्या बाबतीत दोन मदतनिसांनीच सगळा भार उचललेला असतो.

याचे कारण बहुतेक वेळा पाठीत सापडते. पाठीवरचे खवाटे, म्हणजे खांद्यामागची ती दोन पसरट हाडे, बेंचवर पडताना एकमेकांच्या जवळ ओढून किंचित खाली दाबून ठेवायला हवीत. असे केले की छाती आपोआप वर येते, खांद्याचा सांधा मागे स्थिर बसतो आणि छातीच्या स्नायूला पूर्ण ताण मिळतो. खवाटे सैल राहिले की प्रत्येक रेपच्या, म्हणजे वजन एकदा खाली आणून वर नेण्याच्या, शेवटी खांदा पुढे निघतो, आणि पुढे निघालेल्या खांद्यावर वजन पेलणे हीच दुखण्याची सुरुवात असते. नवशिक्याने पहिले दोन आठवडे फक्त एवढी एक गोष्ट शिकली तरी ते सत्कारणी लागले.

बाकीची मांडणी त्यावर उभी राहते. दोन्ही तळपाय जमिनीवर घट्ट, नितंब बेंचला टेकलेले, कमरेत नैसर्गिक बाक. बारवरची पकड खांद्यांपेक्षा थोडी रुंद, इतकी की बार छातीला टेकल्यावर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीशी सरळ उभा दिसावा. मनगट मागे मोडू द्यायचे नाही आणि अंगठा बारभोवती गुंडाळायचाच. अंगठा मोकळा ठेवून बार तळव्यावर नुसता तोलण्याची सवय जीवघेणी ठरू शकते, कारण घामाच्या हातातून निसटलेला बार थेट छातीवर किंवा गळ्यावर येतो. कोपरे शरीरापासून काटकोनात बाहेर फेकायची नाहीत आणि बरगड्यांना चिकटवायचीही नाहीत. या दोन्हींच्या मधला, साधारण ४५ ते ७० अंशांचा कोन बहुतेकांना मानवतो. बार गळ्याकडे उतरवू नये, स्तनाग्रांच्या रेषेत किंवा त्याच्या किंचित खाली छातीला हलकेच टेकवावा. तिथून वर जाताना तो थोडा मागे, खांद्यांच्या रेषेवर येतो.

खाली आणताना दोन-तीन सेकंद लावावेत. बार छातीवर आपटून उसळी घेणाऱ्याचे वजन जास्त दिसते, पण त्यात स्नायूचा वाटा कमी असतो. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत बार छातीवर स्थिर झाल्याशिवाय पंच वर ढकलण्याची आज्ञा देत नाहीत. सरावातही छातीवर क्षणभर थांबण्याची शिस्त पाळली, तर आपण नक्की किती वजन उचलतो याचा प्रामाणिक आकडा समोर येतो. छातीचा स्नायू फाटण्याच्या दुखापतीही मुख्यतः बेंच प्रेसमध्ये, बार खाली येत असताना, ताणलेल्या स्नायूवर झेपणार नाही इतका भार पडल्यावर होतात. त्यामुळे उतरणीवरचा ताबा हा वाढीचाही मार्ग आहे आणि बचावाचाही.

वजन किती लावावे? स्पर्धेच्या प्रमाणित बारचे वजन २० किलो असते. गावातल्या जिममधले बार वेगवेगळ्या लांबी-जाडीचे असतात आणि त्यांचे वजन अनेकदा कोणालाच माहीत नसते. ते एकदा आडतीवरच्या किंवा भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून भिंतीवर लिहून ठेवावे. सुरुवात रिकाम्या बारने करावी. त्यात कमीपणा काहीच नाही. ज्या वजनाने आठ ते बारा रेप स्वच्छ होतात आणि शेवटी आणखी एक-दोनच निघाल्या असत्या असे वाटते, ते वजन त्या दिवसाचे योग्य वजन. तीन सेट, म्हणजे मध्ये विश्रांती घेऊन तीन फेऱ्या करून तिन्हींमध्ये बारा-बारा रेप होऊ लागल्या की अडीच किलो वाढवावेत, रेप पुन्हा आठ-नऊवर येतील, आणि तिथून पुन्हा बाराकडे चढायचे. शाळेची जुनी वही घेऊन त्यात तारीख, वजन आणि रेप लिहिणारा मुलगा सहा महिन्यांनी न लिहिणाऱ्याच्या बराच पुढे गेलेला असतो, कारण मागच्या वेळेपेक्षा आज काय जास्त करायचे हे त्याला ठाऊक असते.

स्नायू फक्त भारी वजनानेच वाढतो ही समजूत संशोधनाने मागे टाकली आहे. हलके वजन वीस-पंचवीस वेळा उचलूनही वाढ होते, मात्र सेटच्या शेवटी स्नायू खरोखर थकला पाहिजे. आठवड्याभरात छातीला एकूण किती सेट मिळतात याला अधिक महत्त्व आहे. ब्रॅड शॉनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला, तेव्हा आठवड्याला एका स्नायूसाठी दहा किंवा अधिक सेट करणाऱ्यांत वाढ जास्त दिसली. नवख्याला सहा ते आठ पुरतात. हे सगळे सेट सोमवारी एका दमात उरकण्यापेक्षा सोमवार आणि गुरुवार असे विभागले, तर प्रत्येक सेट ताज्या अंगाने होतो. दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटे विश्रांती घ्यावी. घाईघाईने तीस सेकंदांत पुन्हा बार धरणाऱ्याला दम लागतो, घामही येतो, पण रेप झपाट्याने घटतात.

बेंच प्रेसच्या जोडीला इनक्लाइन प्रेस घ्यावा, कारण कॉलरबोनखालचा भाग सपाट बेंचवर मागे पडतो. बेंचचा चढ ३० अंशांच्या आसपास पुरेसा आहे. तो ६० अंशांवर नेला की तो खांद्याचा व्यायाम होतो. इथे डंबेल बारपेक्षा सोयीचे, कारण दोन्ही हात स्वतंत्र चालतात, खाली थोडा अधिक ताण मिळतो आणि कमजोर हात लपून राहत नाही. शेवटी डंबेल फ्लाय हलक्या वजनाने, कोपर किंचित वाकवून, खांद्याला ओढ बसेपर्यंत न उतरवता करावा. डिक्लाइन बेंच नसेल तर काहीही बिघडत नाही.

‘आतली छाती’ वेगळी काढण्याच्या व्यायामांवर मात्र वेळ घालवू नये. तंतू मधल्या हाडापासून दंडापर्यंत सलग जातात. त्यांचा अर्धाच भाग आकुंचन पावत नाही. दोन बाजूंमधली फट किती रुंद दिसावी हे जन्मतः ठरलेले असते.

ज्यांच्या आसपास जिम नाही त्यांनी अडून बसण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या तालमीत लोखंडाच्या कितीतरी आधी जोर-बैठकांनी छाती-मांड्या घडवल्या. युजीन सँडो हा जर्मनीत जन्मलेला बलवान १९०४-०५ मध्ये भारतात प्रयोग करून गेला आणि डंबेलची हवा इथे जोरात वाहू लागली. पण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून देशी व्यायामाचा धागा जपला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांबासह ते प्रकार जगासमोर मांडले. शहागडकरांना तर ही परंपरा घरचीच आहे. शेजारच्या घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. गावोगाव मारुती उभे करून बलोपासनेचा आग्रह धरणारा हा संत याच मातीतला.

जोर आणि साधे पुशअप यांत फरक आहे. तालमीतल्या जोरात अंग कमानीसारखे खाली-पुढे जाते, त्यामुळे खांदे, दंड, पाठ आणि कंबर असे अख्खे अंग कामाला लागते. अंग फळीसारखे सरळ ठेवून केलेल्या पुशअपमध्ये छातीवरचा भार जास्त नेमका पडतो. साध्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाच्या सुमारे ६४ टक्के भार हातांवर येतो. गुडघे टेकवले तर तो ४९ टक्क्यांवर उतरतो. हात साधारण ६० सेंटीमीटर उंचीवर ठेवले तर ४१ टक्के आणि पाय तेवढ्याच उंचीवर ठेवले तर ७४ टक्के. म्हणजे ६० किलोच्या मुलासाठी साधा पुशअप हा जवळपास ३८ किलोचा प्रेस झाला. घराचा ओटा, पायरी आणि खाट एवढ्या सामानावर वजन कमी-जास्त करता येते. जपानमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात आठ आठवडे पुशअप करणाऱ्यांची आणि तेवढ्याच भाराचा बेंच प्रेस करणाऱ्यांची छाती सारखीच जाड झालेली आढळली. वीस-पंचवीस पुशअप सहज होऊ लागले की पाठीवर पुस्तकांनी भरलेले दप्तर चढवावे आणि मोजणी पुन्हा दहापासून सुरू करावी.

मुलींनीही हा व्यायाम टाळू नये. महिला उमेदवारांना छातीचे माप नसते, पण गोळाफेक असते. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा, महिलांचा ४ किलोचा. गोळा हाताने फेकायचा नसतो, गळ्यापासून ढकलायचा असतो, आणि त्या ढकलण्याला पायांच्या जोडीने छाती, खांदा व ट्रायसेप लागतात. छातीच्या व्यायामाने मुलींचे शरीर पुरुषी होते ही भीती निराधार आहे. ओट्यावर हात ठेवून सुरुवात करणारी मुलगी नियमाने काही महिने टिकली, तर जमिनीवरच्या पुशअपपर्यंत पोहोचू शकते.

पाठीचा व्यायाम विसरून केवळ छाती मारत राहणे ही तरुण मुलांची सर्वांत मोठी चूक. छाती आखडते, खांदे पुढे झुकतात आणि उभे राहिल्यावर छाती भरलेली असूनही खपाटीला गेल्यासारखी दिसते. छातीच्या प्रत्येक सेटमागे पाठीचा एक सेट हवाच. पुलअप, डंबेल रो किंवा बार रो यांपैकी काहीही चालेल. उसाच्या हंगामात मोळ्या वाहणाऱ्या किंवा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर फिरणाऱ्या मुलाचे खांदे संध्याकाळी आधीच थकलेले असतात. त्याने त्या दिवसांत सेट निम्म्यावर आणावेत आणि व्यायाम पहाटेच उरकावा.

पहाटेचा सल्ला उन्हाळ्यात सगळ्यांनाच लागू आहे. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीपार जातो, आणि पत्र्याखालची जिम दुपारनंतर भट्टीसारखी तापलेली असते. चक्कर, मळमळ किंवा अंगावर काटा आला की सेट तिथेच सोडून सावलीत बसावे आणि पाणी प्यावे.

एकट्याने बेंच मारताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. मागे उभा राहून हात देणारा जोडीदार नसेल तर शेवटची शंकास्पद रेप करायचीच नाही. आणि आधाराचे दांडे नसतील तर प्लेटला बाहेरून क्लिप लावू नये. बार छातीवर अडकलाच तर एका बाजूला कलता करून प्लेट खाली सांडता येतात. वजनी सेटला थेट हात घालण्याआधी रिकाम्या बारने पंधरा, मग निम्म्या वजनाने आठ, अशी अंगाला जाग आणावी.

आता जेवण. २०१८ सालच्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासानुसार वजनी व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. त्याहून जास्त खाऊन स्नायूंमध्ये विशेष भर पडत नाही. ६० किलोच्या मुलाला ९६ ग्रॅम. हा आकडा डब्यातल्या पावडरीशिवाय गाठता येतो. चार अंडी साधारण २४ ग्रॅम देतात, अर्धा लिटर दूध १६, कोरड्या ५० ग्रॅम सोयावड्या २६, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम तूरडाळ ११, आणि २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी जवळपास २०. बेरीज ९७. अंडी न खाणाऱ्याने सोयावड्या, दही आणि शेंगदाणे वाढवावेत. जालना जिल्ह्यात शेतोशेती सोयाबीन पिकते, पण त्याच्या वड्या ताटात मात्र कमी दिसतात.

‘लवकर फुगवतो’ म्हणून हातात ठेवलेली गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नये. अशा औषधांत स्टेरॉइड असू शकते. त्याने शरीरातले पुरुषी संप्रेरक तयार होणे मंदावते आणि काहींच्या छातीत बायकांसारखी गाठ वाढते. अशी मऊ किंवा टणक गाठ वयात येणाऱ्या मुलांत कोणतेही औषध न घेताही दिसते आणि बहुतेकांत सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. तिच्यापायी शर्ट काढायला लाजणारी अनेक मुले जिममध्ये हजार पुशअप मारत राहतात. ती गाठ पुशअपने जात नाही, कारण शरीरावरच्या एकाच जागेची चरबी किंवा ग्रंथी व्यायामाने कमी करता येत नाही. ती दुखत असेल, वाढत असेल किंवा एकाच बाजूला असेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवावी. घरच्यांनीही त्यावरून मुलाची थट्टा करू नये.

दुखणे ओळखायलाही शिकायला हवे. व्यायामानंतर एक-दोन दिवस छातीचा स्नायू दोन्ही बाजूंना सारखा ठणकतो, दाबल्यावर दुखतो आणि हलल्यावर मोकळा होतो. ते नेहमीचे आहे. खांद्याच्या पुढच्या टोकाला टोचल्यासारखे दुखत असेल आणि हात डोक्यावर नेताना ते वाढत असेल तर बेंच प्रेस थांबवावा, पुशअप किंवा तळवे समोरासमोर ठेवून केलेला डंबेल प्रेस कमी वजनाने करून पाहावा, आणि दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला भेटावे. बार खाली येताना ‘टक’ असा आवाज होऊन काखेच्या पुढच्या घडीजवळ काळेनिळे पडले, तर तो स्नायू किंवा कंडरा फाटल्याचा इशारा असतो. तिथे तेल चोळत बसू नये. अशा दुखापतीत शस्त्रक्रिया लागलीच तर ती पहिल्या काही आठवड्यांत केलेली अधिक फलदायी ठरते, म्हणून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे.

भरतीच्या मापाची तारीख जवळ असेल तर शेवटच्या आठवड्यात नवा व्यायाम सुरू करू नये. छातीचे सेट निम्मे करावेत, वजन तेच ठेवावे, श्वासाचा सराव रोज चालू राहू द्यावा आणि मापाच्या आधीचे दोन दिवस बेंच पूर्ण बंद. दर वेळी एकाच टेपने, एकाच वेळी, सकाळी उपाशीपोटी घरी माप घेऊन पाहावे. टेप स्तनाग्रांच्या रेषेत, पाठीमागेही त्याच उंचीवर, जमिनीला समांतर असावा. तो मागे दोन बोटे खाली सरकला तर आकडा चुकतो. मैदानावर माप घेणाऱ्याने टेप नीट धरला आहे ना, हे नम्रपणे विचारून घ्यायला काही हरकत नाही.